गाडी उलटते तेव्हा स्टार काय सांगतात?

‘पाच स्टारची गाडी आहे, काही होत नाही.’ हे वाक्य तुम्ही जालना रोडवरच्या एखाद्या शोरूममध्ये, नाहीतर म्हैसमाळच्या वाटेवर चहाच्या टपरीशी उभ्या थारजवळ नक्की ऐकलं असेल. संशोधनाची तयारी करणाऱ्या माणसाने अशा वाक्यावर थांबायला हवं. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे. या वाक्यात एक आकडा आहे, आणि तो आकडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे सांगणारा भाग गळून पडलाय, म्हणून.

आपण सिनॉप्सिस लिहितो तेव्हा नेमकं हेच करतो. कुठलातरी निर्देशांक उचलतो, त्याला ‘विकास’, ‘साक्षरता’ किंवा ‘सुरक्षा’ म्हणतो आणि पुढे जातो. मग समितीसमोर कुणीतरी विचारतं, हे मोजलं कसं? तिथे बोबडी वळते. आज जीपसारख्या गाड्यांच्या निमित्ताने ‘सुरक्षा’ या शब्दाचा इतिहास बघू. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात तंत्रज्ञान थोडं जास्त वाटेल, इंजिनिअरिंगवाल्याला इतिहास जास्त वाटेल. दोघांनीही जरा सोसा.

सुरुवात अमेरिकेतून करावी लागते, कारण भांडण तिथे सुरू झालं. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्याचं पहिलं प्रकरण शेव्हर्ले कॉर्व्हेअर या गाडीवर आहे, आणि आरोप काय होता बघा: मागच्या अ‍ॅक्सलची रचना अशी की जोरात वळण घेताना मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी हाताबाहेर जाते. म्हणजे वाद सुरू झाला तो गाडीच्या वळणावरच्या वागणुकीवरून. इंजिनिअर ज्याला हँडलिंग म्हणतात ते. धडक झाल्यावर आत बसलेल्याचं काय होतं, हा तेव्हा दुसरा प्रश्न होता.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये कायदे झाले, रस्ता सुरक्षेची संघीय यंत्रणा उभी राहिली आणि तिचे पहिले प्रमुख झाले विल्यम हॅडन. हे गृहस्थ डॉक्टर, साथरोगशास्त्रातले. त्यांनी अपघाताकडे रोगासारखं पाहिलं आणि त्याचे तीन टप्पे केले: धडकेच्या आधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर. सार्वजनिक आरोग्य शिकलेल्यांना ‘हॅडन मॅट्रिक्स’ हे नाव ठाऊक असेल. हॅडन यांचा युक्तिवाद असा की तोवर सगळा भर पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ड्रायव्हरला शहाणं करण्यावर होता. माणूस चुकणारच. चुकला तरी मरू नये, अशी गाडी बनवा. सीट बेल्ट, आदळल्यावर दबणारं स्टिअरिंग, मऊ डॅशबोर्ड हे सगळं याच विचारातून अनिवार्य झालं. माझ्या मते विसाव्या शतकात लोकांचे जीव वाचवणाऱ्या मोठ्या कल्पनांपैकी ही एक आहे.

पण प्रत्येक चौकट काहीतरी बाहेर ठेवते. धडकेचा क्षण मोजायला सोपा असतो. गाडी ठरलेल्या वेगाने भिंतीवर आदळवा, आतल्या बाहुल्यांच्या छातीवर आणि डोक्यावर किती बल आलं ते नोंदवा, उद्या पुन्हा तसंच करा, आकडा जवळपास तोच येईल. १९७९ मध्ये अमेरिकेत नव्या गाड्यांची मूल्यांकन योजना सुरू झाली ती समोरच्या धडकेपासून. ‘एनसीएपी’ ही अक्षरं तिथून आली. युरोपची योजना १९९७ मध्ये आली, आणि आपल्याकडच्या गाड्यांचे पहिले निकाल ग्लोबल एनसीएपीने जानेवारी २०१४ मध्ये जाहीर केले. त्या पहिल्या तुकडीत एअरबॅग नसलेल्या पाचही लहान गाड्यांना प्रौढांसाठी शून्य स्टार मिळाले, हे अनेकांना आठवत असेल. हँडलिंग मात्र मोजायला अवघड. स्टिअरिंग कोण धरतं, किती झटक्याने फिरवतं, टायर किती झिजलेत, यावर निकाल बदलतो. त्यामुळे स्टार दुसऱ्या टप्प्याचे झाले आणि पहिला टप्पा मागे राहिला.

साध्या सेडानच्या बाबतीत यामुळे फार बिघडलं नाही. बुटकी, रुंद गाडी सहसा उलटत नाही. अडचण झाली ती उंच, अरुंद आणि खडकाळ वाटेसाठी पोट वर उचलून बांधलेल्या गाड्यांची. म्हणजे जीपची.

हे सैन्याला आधीच कळलं होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपनंतर अमेरिकी सैन्याने एम-१५१ नावाची जीप घेतली. तिच्या मागच्या चाकांची रचना कॉर्व्हेअरच्याच जातीची होती आणि वळणावर ती उलटायची. १९७० च्या सुमारास मागचं सस्पेन्शन बदललं गेलं. तरीही वापरातून काढलेल्या एम-१५१ गाड्या सैन्याने जनतेला धडधाकट विकल्या नाहीत, कापून भंगारात काढल्या. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी नको, असा तो निर्णय. कुठल्याही स्टारपेक्षा स्पष्ट मूल्यांकन!

आता आपल्या ओळखीची गाडी घेऊ. मारुती जिप्सी. डिसेंबर १९८५ मध्ये ती आली. सुझुकीच्या एसजे-४१० या छोट्या जीपची ही लांब आवृत्ती. पोलीस, वनखातं, सैन्य, रॅली, आणि गावातला एखादा पुढारी, सगळ्यांची ती लाडकी. तिचीच अमेरिकेतली बहीण म्हणजे सुझुकी सॅमुराई. १९८८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक मासिकाने सॅमुराईला थेट ‘अस्वीकारार्ह’ ठरवलं. अडथळा चुकवण्यासाठी झटकन लेन बदलायची आणि परत यायचं, या चाचणीत गाडी दोन चाकांवर उभी राहिली होती.

संशोधक म्हणून पुढचं नीट वाचा. आधीच्या मार्गावर ही गाडी अनेक फेऱ्यांत उभी राहिली नव्हती. मग मार्गात बदल केला गेला आणि बदललेल्या मार्गावर ती उभी राहिली. सुझुकीचं म्हणणं पडलं की हवा तो निकाल येईपर्यंत चाचणी बदलली. मासिकाचं म्हणणं, प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रसंगाशी जुळावा म्हणून मार्ग बदलला. अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने गाडी परत बोलावण्याची मागणी त्याच वर्षी फेटाळली. या प्रकारच्या इतर गाड्यांपेक्षा ही वेगळी ठरत नाही, असा तिचा सूर होता. (‘इतरही तशाच आहेत’ हा दिलासा आहे की चिंता, ते तुम्ही ठरवा.) १९९६ मध्ये सुझुकी कोर्टात गेली, २००४ मध्ये तडजोड झाली. पैसे दिले-घेतले गेले नाहीत, मासिकाने निष्कर्ष मागेही घेतला नाही.

कोण बरोबर होतं? मला विचाराल तर प्रश्नच अपुरा आहे. चाचणीचा आराखडा मधेच बदलला तर त्या बदलाचं कारण निकालाआधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. ते नसेल तर प्रामाणिक माणसालाही सोळा वर्षं खुलासे देत बसावं लागतं. तुमची प्रश्नावली पायलटनंतर बदलणार असाल, तर का बदलली याची तारखेसकट नोंद करा. गाईड मागो न मागो.

इकडे भारतात १९९३ मध्ये जिप्सीची ‘वाइडट्रॅक’ आवृत्ती आली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर १,२१० मिलिमीटरवरून १,३०० झालं, मागचं १,२२० वरून १,३१०. दोन्हीकडे ९० मिलिमीटर वाढ. अमेरिकेत वाद १९८८ चा, इथे बदल १९९३ चा, म्हणून एकातून दुसरं घडलं असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तारखा जवळ असणं म्हणजे कारण नव्हे. शिवाय जिच्यावर आरोप झाले ती सॅमुराईही या रुंद जिप्सीइतकीच रुंद होती, त्यामुळे ती सरळ गोष्ट तशीही बसत नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे: ९० मिलिमीटर म्हणजे चार बोटांच्या जरा वर. त्याने काय फरक पडतो?

इथे एक साधा भागाकार येतो. दोन चाकांमधल्या अंतराची निम्मी लांबी घ्या आणि तिला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. येणाऱ्या आकड्याला स्थिर स्थैर्य गुणांक म्हणता येईल. गाडी जितकी रुंद आणि बुटकी, तितका तो मोठा. साध्या कारचा तो साधारण १.३० ते १.५० भरतो, जीप, पिकअप, व्हॅन यांचा १.०० ते १.३०. फक्त रुंदीचा परिणाम दिसावा म्हणून गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरू. जुन्या रुंदीला गुणांक येतो ०.९३, नव्या रुंदीला बरोबर १.००. चार बोटांनी एवढं होतं.

अमेरिकेत हा गुणांक स्टारमध्ये आला तो मोठ्या किंमतीनंतर. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीवर होते. टायरचा थर सुटायचा, गाडी भरकटायची आणि उलटायची. अडीचशेहून जास्त मृत्यू या प्रकरणाशी जोडले गेले. नोव्हेंबरमध्ये कायदा झाला आणि २००१ पासून गाडी उलटण्याच्या शक्यतेला वेगळे स्टार मिळू लागले. गुणांक १.४५ किंवा त्याहून जास्त असेल तर पाच, १.०३ किंवा कमी असेल तर एक. एका स्टारचा अर्थ: एकट्या गाडीचा अपघात झालाच, तर ती उलटण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त. ‘झालाच, तर’ हे दोन शब्द विसरू नका. ही सशर्त संभाव्यता आहे. ‘या गाड्यांपैकी ४० टक्के उलटतात’ असं कुणी लिहिलं तर तो संख्याशास्त्राचा खून आहे, आणि वर्तमानपत्रात तो रोज होतो.

यावर लगेच टीका झाली की उभ्या गाडीची फुटपट्टीने मापं घेऊन धावत्या गाडीबद्दल काय कळणार? म्हणून २००४ पासून स्टिअरिंग झटक्याने एकीकडे आणि लगेच दुसरीकडे फिरवण्याची चाचणीही जोडली गेली. तरी गुणांक टिकला. त्याचं कारण आपल्या रस्त्यांवर फार लागू पडतं. एकट्या गाडीच्या अपघातात उलटणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेक, तिथल्या यंत्रणेच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के, डांबरावर नुसत्या वळणाने उलटत नाहीत. त्या आडव्या सरकतात, चाक कशाला तरी अडतं, मग उलटतात. कठडा, दगड, किंवा मऊ माती. आपल्याकडची साईडपट्टी डोळ्यासमोर आणा. डांबराची कड वीतभर उंच, खाली काळी माती, एक पाऊस झालेला. समोरून ट्रॅव्हल्सची बस येते, ड्रायव्हर डावी चाकं खाली उतरवतो, परत वर घ्यायला स्टिअरिंग खेचतो. चाक मातीत रुततं. बाकीचं काम उंची करते.

आणि आता मराठवाड्याचा मुद्दा, ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय. इथे जीप ही हौशी लोकांची गाडी कधीच नव्हती. १९९० च्या दशकात सिल्लोड, कन्नड, पैठण, गंगापूर या वाटांवर जीप म्हणजे काळी-पिवळी. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स. मागे समोरासमोर दोन आडवी बाकडी, ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक प्रवासी, मागच्या पायरीवर पोरं लटकलेली, आणि टपावर पोती, शेळी, शिवाय माणसं. एसटी जिथे दिवसातून दोनदा जायची तिथे हीच गाडी दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला न्यायची. तिला नुसतं ‘अवैध वाहतूक’ म्हणून बाजूला टाकणाऱ्या अभ्यासकांनी ती गाडी बंद झाल्यावर कन्नडच्या पुढच्या तांड्यावरची मुलगी कॉलेजला कशी जाणार होती, तेही लिहावं.

तर हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. गाडी १,५०० किलोची, दोन चाकांत १.३५ मीटर, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. गुणांक ०.९६. आता टपावर पाच माणसं बसवा, सरासरी ६० किलोची, म्हणजे ३०० किलो, जमिनीपासून २.२ मीटर उंचीवर. एकूण गुरुत्वमध्य ९५ सेंटिमीटरवर चढतो आणि गुणांक ०.७१ वर घसरतो.

याचा अर्थ घाटात कळतो. कन्नड आणि चाळीसगावच्या मधल्या औट्रम घाटासारखं एखादं वळण घ्या, त्रिज्या ३० मीटर धरा. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.८ धरली तर ५५ किलोमीटरच्या वेगाला गाडी घसरायला लागेल. रिकामी गाडी कागदावर ६० ला उलटेल, म्हणजे त्याआधी ती घसरते. घसरणारी गाडी सूचना देते: टायर ओरडतात, ड्रायव्हर वेग कमी करतो. टप भरलेली तीच गाडी ५२ ला उलटते. घसरण्याच्या आधी. सूचना मिळतच नाही. रोज रिकामी परत येणारा अनुभवी ड्रायव्हर टायरच्या ज्या आवाजावर विसंबतो, तो आवाज भरल्या गाडीत येण्याआधीच चाकं उचललेली असतात. सस्पेन्शनचं झुकणं धरलं तर खरे वेग याहून कमी येतील, पण क्रम तोच राहतो.

हा क्रम कुठल्याही स्टारमध्ये बसत नाही, कारण स्टार मॉडेलला मिळतो आणि रस्त्यावर धावते ती लादलेली गाडी. तुमच्या शोधप्रबंधात हा मुद्दा ‘विश्लेषणाचं एकक’ या नावाने येईल.

मग आजचे स्टार निरुपयोगी आहेत का? अजिबात नाही. नाशिकला तयार होणाऱ्या थारला नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनसीएपीचे प्रौढ आणि मुलं दोन्हींसाठी चार-चार स्टार मिळाले; प्रौढांसाठी १७ पैकी १२.५२ गुण, मुलांसाठी ४९ पैकी ४१.११. शिडीसारखी चौकट असलेल्या खडकाळ वाटेवरच्या गाडीसाठी ही मोठी उडी होती. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य मिळालं होतं, हे शेजारी ठेवून बघा. आणि निकाल पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटच्या गाडीचा होता. काळी-पिवळीतल्या आडव्या बाकड्यांशी त्याचा संबंध नाही. पण तेव्हाची चाचणी कोणती? ६४ किलोमीटरने समोरून अर्धवट धडक. हॅडन यांचा मधला टप्पा.

भारत एनसीएपी २२ ऑगस्ट २०२३ ला जाहीर झाली आणि १ ऑक्टोबरपासून लागू झाली. समोरून ६४, बाजूने ५० आणि खांबावर आडवी २९ किलोमीटर वेगाने धडक, असं तिचं स्वरूप. पाच दारांच्या थार रॉक्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्याकडून पाच स्टार मिळाले. यात पहिल्या टप्प्याने चोरपावलांनी प्रवेश केलाय: तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतं. घसरू लागलेल्या गाडीचं एकेक चाक आपोआप ब्रेक करून तिला सरळ आणणारी ही यंत्रणा. अमेरिकेने ती २०११ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना सक्तीची केली, आणि गाडी उलटण्याविरुद्धचा हा बहुधा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे, कारण मुळात गाडी साईडपट्टीपर्यंत सरकूच देत नाही. पण मूल्यांकनात ‘आहे की नाही’ एवढीच तिची भूमिका. गाडी किती सहज उलटते, याचे गुण तिथे नाहीत.

दोन्ही टप्पे एकमेकांवर आदळल्याचं एक विलक्षण उदाहरण आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने जीप रँग्लरची धडक चाचणी घेतली. गाडीच्या कोपऱ्यावर धडक होती, आतल्या बाहुलीची अवस्था चांगली राहिली, पण धडकेनंतर गाडी चालत जाऊन कुशीवर पडली. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीतही तेच झालं होतं. बहुतेक मापांत उत्तम गुण, आणि गाडी आडवी! गुणपत्रिकेत याला रकानाच नव्हता. संस्थेने एकूण श्रेणी खाली आणली. याच संस्थेचे प्रमुख एकेकाळी विल्यम हॅडन होते, आणि त्यांच्याच काळात, १९८० मध्ये, तिने जीप सीजे-५ कशी उलटते याच्या चाचण्या करून खळबळ उडवली होती. ज्यांनी दुसरा टप्पा जगाला शिकवला ते पहिल्याकडे परत आले होते. २०२१ पासून रँग्लरची जोडणी आपल्या पुण्याच्या वाटेवर, रांजणगावात होते.

विषय शोधत असाल तर इथे भरपूर काम पडलंय. पुण्याला जाताना निम्म्या वाटेत नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सैन्याच्या गाड्या तपासणारी व्हीआरडीई ही संस्था आहे. पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. सैन्याच्या गरजांतून आलेली जीप नागरी वाहतुकीत कोणत्या बदलांसह आली, कोणते बदल झालेच नाहीत, हा इतिहास मराठीत लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.

काळी-पिवळीवर काम करायचं असेल तर पोलिसांच्या पंचनाम्यापासून सुरुवात करा. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात धडकेच्या प्रकारांचा तक्ता असतो. त्यात ‘रस्ता सोडून खाली गेली’ आणि ‘वाहन उलटलं’ हे दोन वेगळे रकाने आहेत. साईडपट्टीवर चाक रुतून उलटलेली गाडी दोन्हीकडे बसते, नोंद मात्र एकाच रकान्यात होते. कोणत्या, ते नोंदणारा ठरवतो. म्हणून रकान्यातली बेरीज उचलण्याआधी एखाद्या ठाण्याचे जुने पंचनामे परवानगी काढून हाताने वाचा आणि वहीत तीन गोष्टी टिपा: डांबर आधी कोणत्या चाकाने सोडलं, टपावर काय होतं, आणि माणसं कुठे बसली होती.